दोन झडपा, चार घराणी

उत्क्रांती कोणी डोळ्यांनी पाहिली आहे का, हा प्रश्न आपल्या शहरात एकदा जाहीरपणे विचारला गेला होता. जानेवारी २०१८ मध्ये वैदिक संमेलनासाठी येथे आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी पत्रकारांशी बोलताना डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे लिहून किंवा सांगून ठेवलेले नाही, तेव्हा शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगितले आणि वाद विरला.

विषय मात्र संपला नाही. २०२३ मध्ये ‘एनसीईआरटी’ने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातून उत्क्रांती वगळली. विद्यार्थ्यांवरचा भार कमी करणे, हे कारण दिले गेले. १८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्र लिहून त्याला विरोध केला. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात, दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा होता, ही जमेची बाजू.

‘कोणी पाहिली?’ हा प्रश्न मला स्वतःला वाईट वाटत नाही. विज्ञानाची सुरुवात अशाच प्रश्नांनी होते. वाईट एवढेच, की प्रश्न विचारणारे अनेकदा उत्तरासाठी थांबत नाहीत. आज थोडे थांबू या. त्यासाठी माकडाकडे जाण्याची गरज नाही. एक शिंपला पुरेसा आहे.

गोदावरीच्या वाळूत, जायकवाडीच्या काठावर किंवा एखाद्या जुन्या तलावाच्या गाळात दोन पाखांचा काळपट शिंपला सापडतो. कोकणातल्या तिसऱ्या, शिवल्या, कालवे ही त्याचीच भावंडे. हे मृदुकाय प्राणी, म्हणजे गोगलगायीच्या संघातले. त्यांच्या अंगाच्या डाव्या बाजूला एक झडप आणि उजव्या बाजूला दुसरी. पाठीवर बिजागरी. बिजागरीपाशी एक लवचीक बंध असतो, तो झडपा उघडू पाहतो. आत बळकट स्नायू असतात, ते झडपा मिटून धरतात. म्हणजे मिटण्यासाठी प्राण्याला ताकद लावावी लागते आणि उघडणे आपोआप होते.

याचा एक उपयोग स्वयंपाकघरात आहे. प्राणी मेला की स्नायू सैल पडतो आणि शिंपला उघडतो. म्हणून तिसऱ्या निवडताना उघड्या पडलेल्या आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या फेकून द्यायच्या, हा कोकणातल्या घरांचा नियम शरीरशास्त्राला धरून आहे. मेलेला शिंपला किती वेळापूर्वी मेला हे कळत नाही आणि तो फार लवकर नासतो.

आता दुसरे घराणे. समुद्रात ‘ब्रॅकिओपॉड’ नावाचे प्राणी राहतात. त्यातल्या अनेकांचा आकार जुन्या पणतीसारखा असतो, म्हणून इंग्रजीत त्यांना दिव्याचे शिंपले म्हणतात. नवखा माणूस त्यांना बेलाशक तिसरी समजेल. दोन झडपा, मागे बिजागरी, आत मऊ अंग, पाणी गाळून अन्न मिळवण्याची पद्धत, सगळे तसेच. पण कवच उघडून पाहिले की चित्र पालटते. इथे झडपा डाव्या-उजव्या नाहीत. एक पाठीवर आहे आणि एक पोटावर. कल्ल्यांच्या जागी बारीक तंतूंची गुंडाळलेली झालर आहे. आणि झडपा उघडण्यासाठी लवचीक बंध नाही, वेगळा स्नायू आहे. साहजिकच हा प्राणी मेल्यावर बहुधा मिटलेलाच राहतो.

दोघांतला फरक ओळखण्याची सोपी रीत शाळकरी मुलालाही जमते. शिंपला हातात घ्या आणि त्याचे दोन सारखे भाग करणारी रेघ कुठून जाईल ते पाहा. तिसरीत ती रेघ दोन झडपांच्या मधून जाते, कारण एक झडप दुसरीचे आरशातले प्रतिबिंब असते. कालवासारखे काही अपवाद आहेत. ब्रॅकिओपॉडमध्ये रेघ प्रत्येक झडपेच्या मधोमध जाते. वरची आणि खालची झडप मात्र एकमेकींसारख्या नसतात, बहुधा एक मोठी असते.

ही दोन्ही घराणी ५० कोटी वर्षांहून जुनी आहेत. एके काळी समुद्रात ब्रॅकिओपॉडांचे राज्य होते. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या महाविनाशात त्यांची बहुतेक कुळे बुडाली आणि पुढे मृदुकाय शिंपल्यांची भरभराट झाली. आज ब्रॅकिओपॉडांच्या जेमतेम चारेकशे जाती उरल्या आहेत. कच्छच्या ज्युरासिक काळातल्या खडकांत त्यांचे जीवाश्म भरपूर मिळतात. आपल्याकडच्या काळ्या दगडात मात्र ते मिळण्याची आशा नाही, कारण आपला दगड लाव्हाचा आहे.

तिसरे घराणे पाहायला समुद्रावर जावे लागत नाही. पडेगावहून मिटमिट्याच्या पुढे दौलताबादकडे जाताना पावसाळ्यात माळावर, मुरमाच्या खड्ड्यांत पाणी साठते. अशा साचलेल्या पाण्यात, तळ्यात, विहिरीत मोहरीहून लहान असे ठिपके तुरुतुरु पळताना दिसतात. एक थेंब भिंगाखाली धरला तर तो ठिपका म्हणजे चिमुकला शिंपला असल्याचे दिसते. झडपा किंचित उघडतात, आतून पाय आणि मिशा बाहेर येतात आणि शिंपला चक्क पोहू लागतो! हा ‘ऑस्ट्राकॉड’. खेकडा आणि कोळंबी यांच्या गोतावळ्यातला संधिपाद प्राणी. तिसरीशी त्याचे नाते फारच दूरचे.

त्याच्या कवचाची तऱ्हाही निराळी. तिसरी आपले कवच जन्मभर बाळगते आणि कडेला भर घालत मोठी होते. ऑस्ट्राकॉड खेकड्यासारखा कात टाकतो. प्रौढ होईपर्यंत आठ वेळा जुन्या झडपा टाकून नव्या घडवतो.

पावसाळी डबक्यांत याच गोतावळ्यातला आणखी एक शिंपलाधारी प्राणी आढळतो. सह्याद्रीच्या सड्यांवर आणि दख्खनच्या पठारावर अभ्यासकांनी त्याच्या अनेक जाती नोंदवल्या आहेत. इंग्रजीत त्याला ‘क्लॅम श्रिम्प’, म्हणजे शिंपल्यातली कोळंबी म्हणतात. लांबी नखाएवढी. अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पाऊस पडला की ती फुटतात आणि डबके आटण्याआधी पिढीचा सगळा प्रपंच उरकतो. गंमत म्हणजे हा कात टाकतो, पण बहुतेक जातींत जुन्या झडपा गळून पडत नाहीत. नव्या थराला चिकटून राहतात. त्यामुळे त्याच्या पाठीवर तिसरीसारख्याच वाढीच्या रेघा उमटतात. नाते नसताना झडपा सारख्या आणि झडपांवरच्या रेघाही सारख्या. वर्धा खोऱ्यातल्या मांगली येथील जुन्या खडकात याचे जीवाश्म सापडले आणि १८६२ मध्ये त्या गावाच्या नावावरूनच एका जातीचे नामकरण झाले.

चौथे घराणे सर्वांत फसवे. काही लहान समुद्री शिंपले जीवाश्म म्हणून बऱ्याच काळापासून ठाऊक होते. दोन झडपा असल्याने त्यांना निःशंकपणे तिसऱ्यांच्या वर्गात बसवले होते. १९५९ मध्ये जपानमध्ये हिरव्या शेवाळावर तसाच एक शिंपला जिवंत सापडला. आतून डोके बाहेर आले, डोक्यावर शिंगे होती आणि तो सपाट पायावर सरपटत चालला होता. ती गोगलगाय होती! तिच्या डाव्या झडपेच्या टोकाला बालपणीच्या वळणदार शंखाची खूण अजूनही शिल्लक असते. एका शंखाच्या प्राण्याने दोन झडपांचे घर स्वतंत्रपणे उभे केले होते.

म्हणजे किमान चार वेगवेगळ्या वाटांनी निसर्ग एकाच रचनेपाशी पोहोचला. याला समाभिसारी उत्क्रांती म्हणतात. असे का व्हावे?

कारण अडचण एकच आहे. प्राणी मऊ आहे, पाण्यात राहतो, शत्रू पुष्कळ आहेत. कवच पूर्ण बंद केले तर श्वास आणि अन्न थांबते. उघडे ठेवले तर शत्रू आत येतो. तेव्हा उघडता यावे, पण क्षणात मिटताही यावे, आणि त्यासाठी कमीत कमी भाग लागावेत. दोन ताटल्या, एक बिजागरी, ओढणारा एखाद-दुसरा स्नायू. याहून सोपी रचना सुचवणे कठीण आहे. आपली पानाची डबी, चष्म्याचे घर, ट्रंक हे सगळे याच कल्पनेवर चालते.

उत्तरे थोडीच असण्यामागे आणखी एक कारण आहे. अनेक शिंपल्यांच्या कडा नागमोडी असतात आणि वरच्या झडपेचा उंचवटा खालच्या झडपेच्या खोलगटात तंतोतंत बसतो. तिसऱ्यांच्या घराण्यातही आणि ब्रॅकिओपॉडांतही. एवढी अचूक जुळणी कशी होते? मोल्टन, गोरिली आणि शिरा या संशोधकांनी २०२० मध्ये त्याचे गणिती स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. कवच घडवणारी मऊ त्वचा कडेच्या मानाने जास्त वाढली की तिला चुण्या पडतात. कापड दाटीवाटीने शिवले की पडतात तशा. दोन्ही झडपांची त्वचा एकमेकींना टेकून वाढते, त्यामुळे एकीची चुणी दुसरीला दाबते आणि दोन्ही चुण्या एकमेकींत बसतात. प्रत्येक दात्यासाठी वेगळा जनुक लागत नाही. वाढीच्या रेट्यातूनच जुळणी होते. पदार्थाचे नियम सर्वांना सारखे, म्हणून दूरच्या घराण्यांतही परिणाम सारखा.

इथे एक आक्षेप येतो. इतके सारखेपण म्हणजे घडवणारा कारागीर एकच असल्याचा पुरावा नव्हे काय? श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. पण पुराव्याचे बोलायचे तर सारखेपण फक्त बाहेरून आहे. सुतार एकच असता तर त्याने बिजागरीही एकच वापरली असती. इथे कोणाचे दार डावी-उजवीकडे, कोणाचे वर-खाली. कोणाकडे उघडणारा लवचीक बंध, कोणाकडे स्नायू. कोणी झडपा जन्मभर जपतो, कोणी आठ वेळा टाकतो, कोणी गोगलगायीचा शंख वळवून काम भागवतो. प्रत्येकाने आपल्या वाडवडिलांकडून जे सामान मिळाले त्यातूनच दार केले आहे. उत्क्रांतीची खूण नेमकी ही असते. अडचण आकार सुचवते आणि वारसा सामान पुरवतो.

ही दोन घराणी एकाच दगडात नांदल्याचा पुरावाही आपल्या जवळचा आहे. जॉन ग्रँट माल्कमसन हा मद्रास सरकारच्या सेवेतला डॉक्टर. नांदेडच्या पलीकडे निर्मलच्या बाजूला असलेल्या, तेव्हाच्या निजामी मुलखातल्या सिचेल डोंगरांतून त्याने जीवाश्म गोळा केले. १८४० मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध झाली. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये जो काळ गेला, त्या काळातल्या तळ्यांचा तो गाळ होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात गोड्या पाण्यातला मृदुकाय शिंपला होता आणि ऑस्ट्राकॉडही होते. एकाच तळ्यात दोन झडपांचे दोन प्राणी, एकमेकांचे कोणीही न लागणारे. पुढे नागपूरजवळच्या टाकळीतही अशा थरांतून जीवाश्म मिळत गेले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, शिंपल्यांचे ठीक आहे, आरोग्याच्या सदरात हे कशाला? माझे उत्तर क्षयरोगाच्या वॉर्डात आहे.

क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन हे कळीचे औषध. ते जंतूच्या एका यंत्रणेवर बसते आणि तिचे काम बंद पाडते. क्षयाच्या जंतूचा आराखडा सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. त्यात नक्कल होताना क्वचित एखादे अक्षर चुकते. औषध हा बदल घडवत नाही. मात्र रुग्णाने गोळ्या अर्धवट सोडल्या, अनियमित घेतल्या, की ज्या थोड्या जंतूंत तो बदल आधीच आहे ते उरतात आणि वाढतात. बाकीचे मरतात. डार्विनने सांगितलेली निवड ती हीच, एका माणसाच्या फुप्फुसात, काही महिन्यांत घडणारी.

आता शिंपल्यांशी असलेले साम्य पाहा. मुंबईतला रुग्ण, मराठवाड्यातला रुग्ण आणि दक्षिण आफ्रिकेतला रुग्ण यांच्या अंगातले जंतू वेगवेगळ्या घराण्यांतले असू शकतात. तरी रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या शंभरपैकी ९५ हून अधिक जंतूंत बदल एकाच जागी सापडतो, ४४ लाखांपैकी ८१ अक्षरांच्या एका तुकड्यात. औषध टाळायचे, पण यंत्रणा तर चालू राहायला हवी. ही अडचण सोडवण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. त्यामुळे जंतू पुन:पुन्हा त्याच वाटेने जातात.

सरकारी रुग्णालयांत थुंकीची जी ‘सीबीनॅट’ तपासणी होते, ती उभी आहे नेमकी याच गोष्टीवर. ते यंत्र सगळा आराखडा वाचत बसत नाही. त्या ८१ अक्षरांत फेरबदल आहे का, एवढेच पाहते आणि सुमारे दोन तासांत सांगते. पूर्वी याच उत्तरासाठी जंतू वाढवून पाहावे लागत आणि आठवडेच्या आठवडे जात. गोव्यातल्या कंपनीने विकसित केलेली, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिलेली ‘ट्रूनॅट’ चाचणीही रिफाम्पिसिनच्या बाबतीत हाच भाग तपासते. जंतूंनी प्रत्येक रुग्णात निराळी पळवाट काढली असती, तर इतकी सुटसुटीत तपासणी करताच आली नसती.

पण सारखेपणा फसवतोही, आणि खरी जोखीम तिथे आहे. एका वस्तीत रिफाम्पिसिनला न जुमानणारे दोन क्षयरुग्ण सापडले आणि दोघांतही तोच बदल दिसला, तर काय समजायचे? एकाकडून दुसऱ्याला लागण झाली, की दोघांच्याही अंगात तो बदल स्वतंत्रपणे निवडला गेला? त्या एका जागेवरून हे कळत नाही. बाकीचा आराखडा वाचावा लागतो, जसा शिंपला उघडून आत पाहावा लागतो. दोन्ही उत्तरांवरचे उपाय वेगळे आहेत. लागण झाली असेल तर घरातल्या आणि शेजारच्या सर्वांची तपासणी, खेळती हवा, मास्क यांवर भर द्यावा लागतो. स्वतंत्रपणे घडले असेल तर गोळ्या का चुकल्या, साठा संपला होता का, रोजगारासाठी रुग्ण गाव सोडून गेला होता का, हे शोधावे लागते. नाते ओळखण्यात चूक झाली तर श्रम भलतीकडे जातात आणि रोग पसरत राहतो.

कोरोनाकाळात हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन ठळक बदल असलेले विषाणू वाढत आहेत. वृत्तपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटले. त्यातला ‘एल-४५२-आर’ हा बदल त्याआधी कॅलिफोर्नियात पसरलेल्या विषाणूतही होता. कोणी तिकडून इकडे आणला असा तर्क सहज करता आला असता. पण संपूर्ण आराखडा वाचल्यावर दोन्ही शाखा वेगळ्या निघाल्या. दोघींना एकच सोय स्वतंत्रपणे लाभली होती. एकच बदल दूरदूरच्या शाखांत पुन:पुन्हा दिसू लागला, की तो विषाणूच्या फायद्याचा आहे आणि त्याकडे लक्ष द्यायला हवे, हा इशाराही त्यातूनच मिळतो.

म्हणून दहावीच्या धड्याचा प्रश्न केवळ परीक्षेच्या गुणांचा नाही. विज्ञान शाखा न घेणाऱ्या मुलांसाठी दहावी हा या विषयाशी शेवटचा परिचय असतो. त्यातलीच मुले-मुली पुढे आशा कार्यकर्त्या, औषध दुकानदार, नगरसेवक आणि पालक होतात. ‘ताप उतरला, आता गोळ्या कशाला?’ या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर द्यायचे? ‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून’ हे उत्तर फार काळ टिकत नाही. निवड कशी होते हे ज्याला समजले आहे, तो क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडणार नाही आणि कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविक कशासाठी मिसळायचे, असाही प्रश्न विचारेल. उत्क्रांतीचा धडा वगळून आपण मुलांचे ओझे किती कमी करतो कोण जाणे, पण औषधे निकामी होण्याविरुद्धच्या लढाईतले एक साधन नक्की कमी करतो.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. हा धडा फळ्यावर शिकवण्याआधी मुलांना एक तिसरी, नदीकाठचा एक शिंपला आणि तळ्यातले थोडे पाणी भिंगासह दाखवावे. नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. ब्रॅकिओपॉडचे चित्र चालेल. सारखे काय आणि वेगळे काय याच्या दोन याद्या मुलांनाच करू द्याव्यात. पहिल्या यादीतून त्यांना अडचण कळेल आणि दुसरीतून वारसा.

राहिला तो २०१८ मधला प्रश्न. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही हे खरे आहे. ते बदल लाखो वर्षांत झाले आणि आजची माकडे आपली पूर्वज नव्हेत, चुलत भावंडे आहेत. पण निवड होताना मात्र पाहता येते. जिल्ह्या-जिल्ह्याच्या प्रयोगशाळांत ‘रिफाम्पिसिन प्रतिरोध आढळला’ असा अहवाल निघतो, तेव्हा तंत्रज्ञाच्या समोर उत्क्रांतीचीच नोंद असते. त्या नोंदीमागे एक रुग्ण असतो आणि त्याच्यासाठी औषधे बदलायला आपल्या हाती फार वेळ नसतो.